भट्टी कुणाची, नाव कुणाचं

परवाच्या अभ्यासवर्गात ब्लॅक पँथरवर चर्चा चालली होती. एम. ए. झालेला एक दोस्त ओघात बोलून गेला, काळ्या माणसानं जगाला गाणं दिलं, नाच दिला, घाम दिला, बंड दिलं. पण तंत्र? तंत्र गोऱ्यांचं. हे एकदा मान्य करून टाका आणि मग लढा. कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. माझ्याकडं त्यावेळी दाखला नव्हता आणि मॅट्रिक झालेल्या माणसाला एम. ए.समोर दाखला लागतो. नुसता राग चालत नाही.

वर्ग संपल्यावर आपण सगळ्यांनी झुणका-भाकर खाल्ली. भाकर ज्वारीची होती. तोही दोन भाकरी खाऊन गेला.

दोस्ता, ती ज्वारी कुठली माहीत आहे? आजच्या सुदानच्या पूर्व भागातली. रानगवताचं दाणे गळून जाणारं कणीस वर्षानुवर्षं निवडून, पेरून, पुन्हा निवडून दाणा धरून ठेवणारं केलं ते तिथल्या माणसांनी. पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या मडक्यांच्या मातीत त्या दाण्यांचे ठसे सापडलेत, 2017 मध्ये ते छापून आलं. बाजरी मालीकडची. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. चवळीसुद्धा तिकडचीच. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ही धान्यं समुद्र ओलांडून हिंदुस्थानात यायला लागली. गवताचं धान्य करणं हे तंत्र नाही, तर मग तंत्र म्हणजे काय? इंग्रजीत छापलेलं असतं ते?

तुझं ते वाक्य तुझं नाही, म्हणून मी तुझ्यावर चिडलेलो नाही. ते उसनं आहे. 1830च्या आसपास जर्मनीत हेगेल नावाचा मोठा तत्त्वज्ञ आपल्या व्याख्यानांत सांगून गेला की आफ्रिका जगाच्या इतिहासात धरायचीच नाही. 1963 मध्ये ऑक्सफर्डचा इतिहासाचा प्राध्यापक ह्यू ट्रेवर-रोपर म्हणाला की आफ्रिकेत गोऱ्यांचा इतिहास आहे, बाकी अंधार. मधे सव्वाशे वर्षं गेली, पण वाक्य तेच. आपल्याकडं हे वाक्य फार जुनं आहे. ज्याचे हात कामात त्याच्या डोक्यात काही नाही, असं इथं पोथीत लिहून ठेवलेलं होतं. आणि पोथी वाचली तर शिक्षा होती. म्हंजे तपासायचीही सोय नाही.

आता हे खोटं कसं रचतात ते बघा. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झिम्बाब्वे देश आहे. त्या देशाचं नावच एका दगडी नगरावरून पडलं. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधलेलं नगर. मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत अडीचशे मीटर घेराची, काही ठिकाणी अकरा मीटर उंच. चुना नाही, गारा नाही. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक असे बसवलेत की आजही उभे आहेत.

1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन तिथं पोचला. त्यानं चौकटीच्या लाकडाची ढलपी काढली. तिचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला. पेन्सिल सीडरची, सीडर लेबेनॉनचं, म्हणून हे बांधकाम बायबलातल्या शेबाच्या राणीचं! हे त्याचं संशोधन. एका पेन्सिलीच्या वासावर अख्ख्या लोकांचं नगर त्यांच्या हातातून काढून घेतलं. आमच्या गोदीत याहून जास्त पुरावा लागतो राव, पेटी फुटली कुणाच्या हातून हे ठरवायला.

पुढं सेसिल ऱ्होड्सची माणसं आली. 1902 मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या माणसाला तिथं देखरेखीला नेमलं. त्यानं काय केलं? काळ्यांच्या वस्तीची घाण साफ करतो म्हणून मातीचे थरच्या थर उकरून फेकून दिले. कुणी बांधलं, कधी बांधलं, काय खाल्लं, काय वितळवलं, ते सगळं त्या थरांत होतं. पुरावा होता तो. त्याला घाण दिसली. इथं मी थांबतो जरा, कारण घाण या शब्दाशी आपली ओळख जुनी आहे.

1905 मध्ये रँडल-मॅकायव्हरनं आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या बाईनं खणून सांगितलं की हे नगर आफ्रिकन माणसांचंच आहे. शास्त्रज्ञांपुरता प्रश्न मिटला. गोऱ्या वसाहतवाल्यांपुरता मिटला नाही. 1965 मध्ये ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनं परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, मग तर बांधणारे काळे होते हे सरकारी छपाईत सरळ म्हणायची चोरी झाली. पीटर गार्लेक तिथला सरकारी पुरातत्त्ववाला, गोराच. 1970 मध्ये नोकरी सोडून देशाबाहेर गेला, पण खोटं लिहिलं नाही. 1980 मध्ये काळ्यांचं राज्य आलं आणि त्यांनी देशाला नावच त्या भिंतींचं दिलं.

पण दगडावर दगड आपल्याला दिसतो. लोखंडाचं तसं नाही. लोखंड गंजतं, भट्टी फुटते, उरतो तो किट्टाचा ढीग. म्हणून लोखंडाची गोष्ट सांगायला पाहिजे, आणि मला ती जास्त जवळची आहे. रोज लोखंडच अंगावर असतं.

टांझानियाच्या वायव्येला, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर हाया लोक राहतात. त्यांच्यात एक कथा चालत आली होती. रुगोमोरा माहे नावाच्या राजानं आभाळ बघायला लोखंडाचा मनोरा उभारला आणि तो कोसळला. त्या जागी एक पवित्र झाड होतं, काइजा. नावाचा अर्थ, लोहाराच्या भट्टीची जागा. आता कुणी शिकलेला म्हणेल, अडाण्यांची भाकडकथा. पीटर श्मिट नावाच्या पुरातत्त्ववाल्यानं म्हाताऱ्यांचं ऐकलं आणि 1970च्या सुमारास तिथं खणलं. लोखंडकामाच्या खुणा निघाल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी पत्ता बरोबर ठेवला होता.

पण हायांची भट्टी विझलेली. युरोपातून स्वस्त लोखंड यायला लागल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती बंद पडली. तरुणपणी भट्टीवर राबलेले मोजके म्हातारे उरले होते. 1976 मध्ये श्मिट आणि त्याच्याबरोबरचा इंजिनियर डोनाल्ड एव्हरी यांनी त्यांना विनवलं, एकदा करून दाखवा. आणि त्यांनी नकाशा नाही, वही नाही, आठवणीतून भट्टी उभी केली.

जमिनीत खड्डा. त्याला आतून वाळवीच्या वारुळाच्या मातीचा लेप, कारण ती माती आच सोसते. कुठली माती आच सोसते हे कुणी कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. खड्ड्यात दलदलीतलं पाणगवत जाळून भरायचं. वर माणसाच्या छातीइतका भट्टीचा गळा, त्यात लोणारी कोळसा आणि भाजलेला लोहदगड. कोळसा जळताना दगडातला प्राणवायू ओढून घेतो, लोखंड मोकळं होतं. चहूबाजूंनी आठ भाते, भात्यांना मातीच्या नळ्या. आणि गंमत इथं आहे. या नळ्या भट्टीच्या तोंडाशी थांबत नाहीत, हात-दीड हात आत शिरतात. म्हंजे भात्याची हवा जळत्या कोळशातून गेलेल्या तापलेल्या नळीतून येते. एव्हरीनं भट्टीत तापमान मोजलं, 1800 अंश सेल्सियसच्या वर सांगितलं. भट्टीतून निघालं ते कर्बाचं पोलाद. 1978 मध्ये 'सायन्स' या पत्रात हे छापून आलं, आणि त्याच परिसरात खणून काढलेल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांतही याच तंत्राच्या खुणा दिसल्या असं त्यांनी म्हटलं. तापलेली हवा भट्टीत सोडायचं पेटंट युरोपात 1828 मध्ये ग्लासगोच्या नीलसनच्या नावावर झालं.

इथं टाळ्या वाजवायच्या असतील तर थोडं थांबा. नळीतली हवा खरंच इतकी तापते का यावर पुढं वाद झाला. डेव्हिड किलिकनं 1996 मध्ये लिहिलं की हा दावा फुगवलेला आहे. किलिक आफ्रिकेच्या लोखंडाला कमी लेखणारा माणूस नव्हे, त्याचं आयुष्य त्याच अभ्यासात गेलं. म्हणून मी 'युरोपाच्या दोन हजार वर्षं आधी' असं फलकावर लिहिणार नाही. ते म्हातारे एका भट्टीत पोलाद काढत होते, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. मला तेवढं पुरतं.

आणि हे मी आपल्याच लोकांना सांगतोय. अलीकडं मोबाईलवर येतं, पिरॅमिडमध्ये वीज होती, आफ्रिकेत विमानं होती. अरे, पुराणातली विमानं सांगणाऱ्यांना आपण हसतो ना? मग हे काय? खऱ्या माणसांनी खऱ्या मातीत हात भाजून केलेलं काम आपल्याकडं आहे, नायजेरियात तारुगाला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्या निघाल्यात, सुदानात मेरोएला किट्टाच्या टेकड्या आहेत. लोखंडाचं ज्ञान तिथं आपलं आपण उगवलं की उत्तरेकडून आलं, यावर पंडित अजून भांडताहेत. भांडू देत. किट्टाचे ढीग कुणी उचलून नेणार नाही.

सिसिलीच्या राजाकडं बसून इद्रिसीनं 1154 मध्ये जगाचा भूगोल लिहिला. त्यात आहे की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला भागातलं लोखंड हिंदुस्थानात जायचं, ते नावाजलेलं होतं आणि इकडचे कारागीर त्याच्या तलवारी घडवायचे. म्हंजे साडेआठशे वर्षांपूर्वी काळ्या भट्टीतलं लोखंड गलबतातून आपल्याकडं उतरत होतं. उतरवणाऱ्यांबद्दल इद्रिसी काही लिहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं पोलादाच्या कॉईलची बोट लागली होती. नवीन साहेब म्हणाला, स्लिंग अशी घाला. आमच्या टोळीतला एक म्हातारा म्हणाला, नको, वजन फिरेल. साहेबानं ऐकलं नाही, कॉईल हवेत फिरली, नशीब खाली माणूस नव्हता. मग म्हाताऱ्याच्या पद्धतीनं सगळी बोट रिकामी झाली. वरती गेलेल्या कागदावर ही पद्धत साहेबाच्या नावावर गेली. म्हाताऱ्याला सही येत नाही. हाया म्हाताऱ्यांबद्दल वाचताना मला सारखा तो दिसत होता.

आता शेवटची गोष्ट, जी मला वाचून झोप लागली नाही. आफ्रिकेतसुद्धा लोहाराची जात होती. सगळीकडं नाही, कोंगोत राजा आणि लोहार यांचं नातं मानाचं होतं. पण मालीकडं मांदे लोकांत लोहार म्हंजे नुमू, यांचा रोटीव्यवहार नाही तरी बेटीव्यवहार वेगळाच. शेतकऱ्यांच्या घरात त्यांची सोयरीक नाही. लोक त्यांना भ्यायचेही, कारण लोहाराला गूढ शक्ती असते. सहाऱ्यात तुआरेगांत इनादान हे तसेच बाजूला काढलेले. इथिओपियात लोहाराला 'बुडा' म्हणायचे, त्याची नजर लागते, तो रात्री तरस होऊन फिरतो असं मानायचे. ज्याच्या फाळाशिवाय नांगर चालत नाही त्यालाच तरस! 1908 मध्ये सम्राट दुसऱ्या मेनेलिकला फर्मान काढावं लागलं की लोहार, विणकर, चामडं कमावणारे यांना कुणी हिणवायचं नाही. फर्मानानं हे संपतं का, ते आपल्याला विचारा.

आणि बाई? बऱ्याच ठिकाणी भट्टी हीच बाई मानलेली. तिचं पोट, तिची नाळ, तिला बाळ होणार म्हंजे लोखंड निघणार. आणि खऱ्या बाईला, पाळीच्या बाईला तर नक्कीच, भट्टीजवळ फिरकायची बंदी. नुमूच्या बायका मडकी भाजायच्या, तेही आगीचंच काम आणि तितक्याच अकलेचं. इतिहासात तिला लोहाराइतकीही जागा नाही.

म्हणून आफ्रिका म्हंजे आपला हरवलेला स्वर्ग, असं गाणं मी गाणार नाही. काळ्या माणसाच्या अकलेवर बोळा फिरवणारा गोरा आणि आपल्याच लोहाराला तरस म्हणणारा काळा सरदार, दोघांचाही हिशेब मांडायचा आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केलं. त्यांना तिकडं स्वर्ग दिसला म्हणून नव्हे, तिकडचा झगडा दिसला म्हणून.

तर एम. ए.वाल्या दोस्ता, पुढच्या वर्गाला हा विषय ठेवू. तू तुझी पुस्तकं आण, मी आमच्या टोळीतल्या म्हाताऱ्याला घेऊन येतो. या आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, दुपारपर्यंत मोकळा आहे.