पहिली रात्रपाळी कुणाबरोबर?

परवा माझ्या बहिणीची नात लातूरहून पुण्यात आली. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपलेला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली, पिशवीत आईने दिलेले लाडू आणि दोन रुग्णालयांची नेमणूकपत्रं. एक रुग्णालय नवं, काचेच्या भिंतींचं, पगार तीन हजारांनी जास्त. दुसरं पेठेतलं, ट्रस्टचं, जुन्या इमारतीतलं. "आजी, कुठे जाऊ?" तिने विचारलं.

घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. मुलगा म्हणाला, "मोठं नाव घे, पुढे परदेशी जायला बरं पडेल." सून म्हणाली, "बस बदलावी लागणार नाही, तिथे जा." मी चौतीस वर्षं नर्सिंग केलं, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. मी म्हटलं, "दोन्हीकडे जा आणि एकच विचार. पहिल्या रात्रपाळीला माझ्याबरोबर कोण असेल?"

हा प्रश्न १९८३ साली मला कुणी सांगितला असता तर! सोलापूरहून मी पुण्यात आले आणि जिथे आधी बोलावलं तिथे रुजू झाले. खासगी रुग्णालय होतं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. आठव्या दिवशी रात्रपाळी लागली, अठ्ठावीस रुग्ण आणि मी एकटी. पहाटे तीनच्या सुमारास एका बाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. औषधाची पूड विरघळवायला डिस्टिल्ड वॉटरची कुपी उचलली, फोडली, सिरिंजमध्ये भरली. कुपीवरचं नाव तीनदा वाचायचं, हे आमच्या ट्यूटरबाईंनी अक्षरशः घोकून घेतलेलं: उचलताना, भरताना आणि खाली ठेवताना. दोनदा मी नुसती नजर फिरवली होती. तिसऱ्यांदा वाचलं, तर ती पोटॅशियम क्लोराइडची कुपी. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. दोन्ही कुप्या सारख्याच दिसणाऱ्या, एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या.

त्या बाई वाचल्या. सकाळी मी मालक डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काही झालं नाही ना? मग झालं." मी नोकरी सोडली, पण प्रमाणपत्रं हातात पडायला पाच महिने गेले. पुढे सरकारी रुग्णालयात लागले. तिथल्या सिस्टरांनी दोन महिने मला एकटीला औषधाच्या ट्रॉलीला हात लावू दिला नाही. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, त्या दोन महिन्यांवर पुढची सगळी वर्षं उभी राहिली.

म्हणून पहिल्या नोकरीसाठी घर सोडून आलेल्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईवडिलांना सांगावंसं वाटतं. इमारत पाहू नका, वॉर्ड पाहा. भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेलं प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक असं आहे. ते काटेकोर पाळलेलं मी फारसं पाहिलं नाही. पण आकडा विचारला की समोरचा काय उत्तर देतो आणि कसं देतो, यावरून बरंच कळतं. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ठेवून देऊ नका.

पगाराचं काय? घरी पैसे पाठवायचे असतात, हे मला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तिथे सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारस कागदावर आहे म्हणून पैसे हातात पडतातच असं नाही. तरी आपल्या कामाचं मोल माहीत असलेली मुलगी ताठ मानेने बोलते.

आणखी एक विचारायचं, जे विचारायला मुली लाजतात. कपडे कुठे बदलायचे? पाळी संपल्यावर वसतिगृहापर्यंत सोबत कोण? अरुणा शानभाग कर्नाटकातल्या हळदीपूरहून मुंबईला केईएममध्ये आलेली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलत असताना तिच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी तिचं निधन झालं. मधली चार दशकं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. त्यातल्या कित्येकींनी तिला हिंडताफिरताना कधी पाहिलंही नव्हतं. या पेशातली माया अशी आहे. पण मायेवर सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे. दिवा, कुलूप आणि पहारा ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

बहिणीची नात हुशार निघाली. दोन दिवस सकाळी आठला ती एकेका रुग्णालयाच्या दारात उभी राहिली. एक पाळी दुसरीला रुग्ण सोपवते, त्याला आम्ही 'ओव्हर' म्हणतो. पेठेतल्या मुली ओव्हर देऊन साडेआठला चहाच्या गाडीवर आल्या. काचेच्या इमारतीतल्या दहा वाजले तरी बाहेर पडत होत्या, आणि तिने विचारलं तेव्हा बोलायला धजावल्या नाहीत. तिने पेठ निवडली. हीच काचेची इमारत आपल्या मुलींना वेळेवर घरी सोडती, तर मीच तिला तिकडे धाडलं असतं.

काल तिची पहिली रात्रपाळी. निघताना डबा हातात देत मी विचारलं, "कोण आहे गं बरोबर?"

"पंधरा वर्षं तिथेच असलेल्या सिस्टर आहेत, आजी. फार कडक आहेत म्हणे."

मी बरं म्हटलं आणि निवांत झोपले.