उन्हाची ओंजळ



जर्मनीत बर्लिनला लागून पॉट्सडॅम शहर आहे. तिथे जाण्याचा कधी योग आला तर सान्सूसीची बाग पाहायला चुकू नका. राजवाडा मागाहून पाहा. आधी खाली कारंज्यापाशी उभे राहा. भोवतीची फुलबाग बरोक थाटाची. मधोमध रेघ ओढावी तशी दोन्ही बाजूंना सारखी. आता समोरचा उतार पाहा. शेतकऱ्याने पाहावे ते तिथे आहे.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४४ साली या उजाड टेकडीवर द्राक्षे लावण्याचा हुकूम केला. मुलूख थंड, म्हणून दक्षिणेचा उतार धरला. त्या देशी भर दुपारचे ऊन दक्षिणेकडूनच येते. उताराचे सहा टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याची भिंत मध्यभागी आत वळवली. ओंजळीत पाणी धरावे, तसे ऊन धरण्यासाठी. भिंतींवर पोर्तुगाल, इटली, फ्रान्स इथले वेल चढवले. मधल्या १६८ कोनाड्यांत अंजिरे लावून त्यांना काचेची दारे बसवली. गारठा वाढला की दारे बंद. दिवसा तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देते.

सान्सूसी या फ्रेंच नावाचा अर्थ निश्चिंत. पण कारंज्याने राजाची चिंता कधी मिटू दिली नाही. राजवाड्यामागच्या टेकडीवर मोठा हौद बांधला. हाफेल नदीचे पाणी पवनचक्कीने तिथवर चढवायचे होते. लाकडी नळ दाबाने फुटले. पैसा ओतला, पाणी काही चढेना. १७८६ साली राजा वारला, तरी कारंजे धड चालले नव्हते. पुढे १८४२ साली सुमारे ८० अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र आले, तेव्हा धार ३८ मीटर उंच उडाली. पाणी हुकमाने चढत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता मधल्या १३२ पायऱ्या सावकाश चढा. वरच्या टप्प्यावर, आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरावे, ही राजाची इच्छा होती. वारसाने ती मानली नाही. ती पुरी झाली १७ ऑगस्ट १९९१ रोजी. थडगे म्हणजे एक साधी फरशी. तिच्यावर लोक बटाटे ठेवून जातात, कारण शेतकऱ्यांनी बटाटा लावावा म्हणून याच राजाने १७५६ साली फर्मान काढले होते.

एवढा राजवाडा, एवढे पुतळे. पण लोकांना आठवण राहिली ती पोटाला लावलेल्या पिकाची.