फोन जाण्याआधीची वीस मिनिटं

दोस्तांनो, आज एक छोटीशी परीक्षा. फोन खिशातच राहू द्या आणि घरातल्या दोन माणसांचे मोबाइल नंबर तोंडपाठ म्हणून दाखवा. जमलं? शाब्बास! आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा प्रश्न टाकला, तेव्हा आठ जणांत फक्त चहावाल्या मावशी पास झाल्या. बाकीच्या सात जणांची अख्खी स्मरणशक्ती खिशातल्या त्या चपट्या डबीत जमा होती.

आता ती डबीच गेली तर? पूर्वी मोबाइल चोरीला गेला की हँडसेटचे पैसे आणि फोनबुक, एवढ्यावर निभावायचं. आज त्यात बँक असते, ईमेल असतो, ऑफिसचं लॉगिन असतं. शिवाय चोराच्या हाती सिम पडतं, ते वेगळंच. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की तुमचे ओटीपी थेट त्याच्याकडे. तुमचा स्क्रीन लॉक कितीही भारी असू दे, सिमला त्याचं काय! त्यातून फोनच्या कव्हरमागे डेबिट कार्ड खोचायची स्टाइल असेल, तर बघायलाच नको. यूपीआयचा पिन नव्याने सेट करताना साधारणपणे कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी डेट आणि ओटीपी विचारतात. म्हणजे तिजोरी आणि किल्ली दोन्ही एकाच खिशात. तेव्हा पहिलं काम हेच: कार्ड काढा आणि पाकिटात ठेवा.

उरलेली कामं रविवारी नाश्ता झाल्यावर उरका. वीस मिनिटं पुरतात.

१. सिमला कुलूप लावा. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ शोधा. तो चालू केला की फोन रीस्टार्ट झाल्यावर किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये गेल्यावर पिन मागितला जातो. पण बॉस, घाई नको! सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो. तो आधी कस्टमर केअरला विचारा, मग बदला. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि पीयूके कोड शोधत फिरावं लागतं.

२. लॉक स्क्रीनचं तोंड बंद करा. फोन लॉक असतानाही आलेला मेसेज अख्खा दिसतो ना? मग ओटीपीसुद्धा दिसतो. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवून ठेवा. जिथे सोय असेल तिथे लॉक स्क्रीनवरून एअरप्लेन मोड चालू होणार नाही असंही करा. चोराचं पहिलं काम नेटवर्क तोडण्याचं असतं.

३. शोधायची सोय चालू आहे का, बघा. आयफोनवर ‘फाइंड माय’ आणि अँड्रॉइडवर ‘फाइंड हब’. मे २०२५ पर्यंत याचंच नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’ होतं. नुसतं चालू करून थांबू नका, घरच्या लॅपटॉपवरून एकदा लॉगिन करून बघा. इथेच खरी मेख आहे. गूगल विचारतं, ‘तुमच्या फोनवर आलेला कोड टाका.’ आणि फोन तर गेलाय! यासाठीच गूगल दहा बॅकअप कोड देतं. त्यांची प्रिंट काढा आणि घरी कपाटात ठेवा. त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

४. चोरीचं लॉक वापरा. आयफोनमध्ये जानेवारी २०२४च्या आयओएस १७.३ पासून ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे. तुम्ही घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेपासून लांब असाल, तर अकाउंटचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं आणि वर तासभर थांबावं लागतं. चोराने तुमचा पासकोड खांद्यावरून वाचला असला तरी त्याचं काम अडतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ असतं. हातातून हिसका बसल्याचं ओळखून ते स्क्रीन बंद करतं.

५. आयएमईआय लिहून ठेवा. *#०६# डायल करा, पंधरा आकडी नंबर दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, दोन्ही घ्या. फोनचं बिलही त्याच कागदासोबत ठेवा.

६. व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. म्हणजे तुमचं सिम हाती आलं तरी सहा आकडी पिनशिवाय तुमच्या नावाने कुणी मित्रांकडे पैसे मागू शकणार नाही.

एवढं करूनही फोन गेलाच, तर?

मुंबईकरांनो, आधी तुमच्यासाठी. दारात उभं राहून मोबाइलमध्ये डोकं घातलेल्यांच्या हातावर रुळांजवळून फटका मारणाऱ्या टोळ्या लोकलला नव्या नाहीत. फोन पडला तर पडू द्या. त्याच्यामागे उडी मारू नका, चालत्या गाडीतून खाली वाकू नका. हँडसेट ईएमआयवर पुन्हा मिळतो, हातपाय मिळत नाहीत.

मग शेजाऱ्याचा फोन मागा आणि याच क्रमाने चला. आधी फोन लांबून लॉक करा. मग कंपनीला सांगून सिम बंद करा. मग बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नंतर पोलीस. चोरी झाली असेल तर ‘हरवला’ असं लिहून देऊ नका, ‘चोरीला गेला’ असंच लिहा. ‘आमची हद्द नाही’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे.

शेवटी डुप्लिकेट सिम घ्या आणि ‘संचार साथी’ पोर्टलवर जा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत आणि नव्या सिमवर येणारा ओटीपी दिला की तो हँडसेट भारतातल्या सगळ्या नेटवर्कवर ब्लॉक होतो. नव्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असू शकतात, तेव्हा टेन्शन घेऊ नका. ब्लॉक केल्यावरही पोलिसांना तो शोधता येतो आणि सापडला की तुम्हीच तो अनब्लॉक करू शकता.

आणि हो, काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला, इथे क्लिक करा’ असा गोड मेसेज आला, तर हुरळून जाऊ नका. तो बहुतेक चोराच्याच गोटातून असतो, त्याला तुमचा पासवर्ड हवा असतो. क्लिक नाही, पासवर्ड नाही आणि अकाउंटमधून तो फोन काढून टाकायचाही नाही.

तर मंडळी, येत्या रविवारी पोह्यांनंतर वीस मिनिटं काढाच. आई-बाबांचे फोनही त्याच बैठकीत करून टाका, त्यांच्या यूपीआयला तर तुमच्यापेक्षा जास्त जपायला हवं. आणि घरचे दोन नंबर पाठ करा. त्याला ना चार्जिंग लागतं ना रेंज. भेटू पुढच्या आठवड्यात!