आरोग्य-कट्टा : डोकं हलकं करू या

मंडळी, दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं जड झालंय आणि चंपी करायला आई इथे नाही? मग ‘क्रेनिअल ऑस्टिओपॅथी’तली ही युक्ती पाहा. ही पद्धत अमेरिकेतल्या विल्यम सदरलँड यांची. १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं. कवटीची हाडं हलतात हे त्यांचं म्हणणं सिद्ध झालेलं नाही; पण मानेचे ताठलेले स्नायू सैल पडले की बरं वाटतं.

उताणं पडा. घरच्या कुणीतरी उशाशी बसून कवटीच्या मागच्या कडेखाली बोटांची टोकं ठेवावीत. दाबायचं नाही, डोक्याचा भारच पुरे. दोन-तीन मिनिटं सावकाश श्वास घ्या. मानेला दुखापत असेल तर हे नकोच.

आणि डोकं एकाएकी असह्य दुखलं, जीभ अडखळली किंवा तापाबरोबर मान आखडली, तर असले उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा!