लहान गावांनी तारलेला चित्रपट

फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ फेब्रुवारी १९३४ मध्ये न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलला लागला आणि आठवडाभरात उतरला. त्याला तारलं ते लहान गावांतल्या थिएटरांनी. कर्णोपकर्णी बातमी पसरली, गर्दी वाढत गेली. मंदीनं पिचलेल्या त्या प्रेक्षकाला पडद्यावरची रात्रीची बस आणि खिशातले मोजके पैसे चांगलेच ओळखीचे होते. घरातून पळालेली श्रीमंताची लेक आणि नोकरी गमावलेला बातमीदार एका खोलीत रात्र काढतात. मध्ये दोरीवर टाकलेलं ब्लँकेट, बस्स. ओढ आणि मर्यादा इतक्या साध्या साधनानं दाखवणारं दुसरं दृश्य मला ठाऊक नाही.

नायिका क्लॉडेट कोल्बेरला तर ऑस्करची आशाच नव्हती. १९३५च्या समारंभाच्या रात्री ती गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती. तिथून तिला आणावं लागलं. प्रवासाच्या कपड्यांतच तिनं पुरस्कार घेतला. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा हे पाचही मोठे ऑस्कर पटकावणारा हा पहिला चित्रपट. राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) याच्यावरूनच बेतलेला. तो आवडलेल्या वाचकांनी काप्राचा मूळ चित्रपटही अवश्य पाहावा.