चोर सोडून संन्याशाला सुळी

हृदयाचे ठोके मिनिटाला ४०च्या खाली गेले की मनगटावरचे घड्याळ थरथरते आणि पडद्यावर सूचना उमटते. अ‍ॅपलने ही सोय २०१८ मध्ये दिली, आणि तेव्हापासून एक समजूत मूळ धरून बसली आहे: मंद हृदयावर आता रात्रंदिवस पहारा बसला. परदेशात राहणारी मुले पुण्या-नाशकातल्या आईवडिलांच्या हाताला असे घड्याळ बांधून निर्धास्त होतात, ती याच भरवशावर. हा भरवसा चुकीच्या जागी ठेवला आहे, असे माझे म्हणणे आहे. घड्याळ काढून फेकून द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. ते ज्या कामाला खरोखर येते, ते काम त्याच्याकडून क्वचितच कोणी करून घेते, ही माझी खरी तक्रार आहे.

मुळात 'मंद' म्हणजे किती, इथपासूनच घोळ आहे. मिनिटाला ६० ते १०० ठोके म्हणजे ठीक, हा आकडा आपण शाळेपासून पाठ केलेला. पण तो सोयीसाठी आखलेला पट्टा आहे; साठाखाली गेले की आजार, असे शरीर मानत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मंद नाडीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनी ही रेघ ५०वर आणली आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली: अमुक आकड्याखाली गेले की उपचार हवेतच, असा कोणताही आकडा ठरलेला नाही. चक्कर, घेरी, धाप, विलक्षण थकवा यांपैकी काही होत असेल आणि ते नेमके ठोके मंदावलेले असतानाच होत असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो. यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा रोजचा सराव असलेल्या तिशीतल्या माणसाचे ठोके पहाटे तीन वाजता ३८ वर आले, तर त्याला गाढ झोप लागली आहे एवढेच त्यातून कळते. सत्तरीतल्या एखाद्या बाईच्या हृदयात वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासा झाला आहे, खालचे कप्पे आपल्याच हिमतीवर मिनिटाला ४४ वेळा धडधडत आहेत आणि जिना चढताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, तर ती खरी रुग्ण. चाळीस ठोक्यांवर लावलेले घड्याळ त्या धावपटूला उठवील आणि या बाईबद्दल अवाक्षर काढणार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

कोणी म्हणेल, मग सूचनेची मर्यादा ५०वर आणून ठेवू. जरूर ठेवा, संन्याशांची संख्या तेवढी वाढेल. पण खरा चोर निसटतो तो मर्यादेमुळे नव्हे, वेळेमुळे. माणूस स्वस्थ बसलेला किंवा झोपलेला असताना ठोके सलग दहा मिनिटे मर्यादेखाली राहिले, तर घड्याळ बोलते. उलट ज्या मंदगतीने माणूस कोसळतो, ती बहुतेकदा इतका वेळ थांबत नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे हृदय सहा-सात सेकंद थबकते, मेंदूला रक्त पोचत नाही, तो धाडकन खाली पडतो, आणि लोक धावत येईपर्यंत ठोके पुन्हा सुरळीत झालेले असतात. डब्लिनच्या अ‍ॅडम्स आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात अशाच झटक्यांचे वर्णन करून ठेवले. आजही त्या झटक्यांना त्यांचेच नाव आहे. दहा मिनिटांच्या चाळणीत सहा सेकंद कसे अडकणार? शिवाय घड्याळ हृदय पाहत नाही, मनगट पाहते. त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची लाट किती वेळा आली, एवढेच ते मोजते. काही जणांच्या हृदयात एक ठोका नीट पडतो आणि त्याच्या पाठोपाठ एक अवेळी पडतो. त्या अवेळी ठोक्याआधी कप्पा पुरता भरलेलाच नसतो, त्यामुळे त्याची लाट मनगटापर्यंत येतच नाही. हृदयाचे ठोके ८०, घड्याळात ४०. जुने डॉक्टर एक कान छातीवरच्या नळीला आणि तीन बोटे नाडीवर ठेवून ही तफावत मिनिटभरात पकडत. घड्याळाला छातीवर कान ठेवता येत नाही.

यावरचा नेहमीचा बचाव असा, की दहा वेळा उगाच वाजले तर वाजू दे, एकदा तरी खरे निघेल. तपासून घेण्यात जाते काय? याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, डेन्मार्कमध्ये ते मोजून झाले आहे. तिथे ७० ते ९० वयाच्या ६००४ लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. १५०१ जणांच्या छातीवर त्वचेखाली ठोके नोंदवणारे छोटे यंत्र बसवले, बाकीच्यांची नेहमीसारखी देखभाल चालू ठेवली. मंद ठोक्यांचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते डोळे उघडणारे आहेत. यंत्र बसवलेल्यांपैकी २०.८ टक्के लोकांत मंदगती सापडली, दुसऱ्या गटात ३.८ टक्के लोकांत. यंत्राने शोधलेल्यांपैकी बहुतेकांना कसलाच त्रास नव्हता. पेसमेकर बसले ते अनुक्रमे ४.५ आणि २.९ टक्के लोकांना. आणि शुद्ध हरपून पडणे किंवा हृदयविकाराने अचानक मरण येणे? त्यांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. शोध पाचपट, पेसमेकर दीडपट, लाभ हाती नाही. हे यंत्र थेट हृदयाची विद्युत नोंद घेते, मनगटावरच्या प्रकाशापेक्षा कितीतरी खात्रीचे. त्याच्या पहाऱ्याने जे साधले नाही, ते घड्याळाच्या पहाऱ्याने साधेल असे मानायला काय आधार? पेसमेकरची ही निंदा नव्हे. १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये ज्यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, त्या आर्ने लार्सन यांना दिवसातून अनेकदा झटके येत. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला, पुढे वीसहून अधिक बदलावे लागले, तरी लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये वारले. ज्या शल्यविशारदाने तो बसवला आणि ज्या अभियंत्याने तो बनवला, त्या दोघांच्याही मागे ते जगले. पण लार्सन यांचा आजार कोणी आकड्यावरून शोधला नव्हता. ते कोसळत होते.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घ्यायला हवा. घड्याळातले आकडे दाखवले की काही डॉक्टर हात झटकतात, 'ती खेळणी आहेत' म्हणतात. हेही पटणारे नाही. लक्षण आणि ठोके एकाच क्षणी सापडले पाहिजेत, हे त्यांच्याच शास्त्राचे म्हणणे. त्यासाठी ते ठोके सतत नोंदवणारे होल्टर यंत्र लावतात, एरवी एक-दोन दिवसांसाठी. ज्याला पंधरवड्यातून एकदा घेरी येते, त्याच्या होल्टरमध्ये दोन दिवसांची निवांत नोंद मिळते आणि 'सगळे ठीक आहे' असा शेरा. तेव्हा त्याच्या हातावर ईसीजी काढणारे घड्याळ असेल, तर घेरी येताच घड्याळाच्या कडेवर बोट ठेवून पट्टी काढता येते. ठोके ५०च्या खाली असले तर अ‍ॅपलचे अ‍ॅप तिचा अर्थ लावायचे नाकारते, नाकारू दे. अर्थ लावायला डॉक्टर आहेत, पट्टी जपून राहते. घड्याळामुळे जीव वाचल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांतही पुष्कळदा असे दिसते की थकवा किंवा चक्कर आधीपासून होतीच. माणूस ती अंगावर काढत होता आणि सूचनेने त्याला दवाखान्यात ढकलले. ढकलण्याचे हे श्रेय घड्याळाला खुशाल द्यावे. पहाऱ्याचे देऊ नये.

दुसरा उपयोग याहून साधा, म्हणून दुर्लक्षित. घड्याळ आज काय म्हणते यापेक्षा महिन्याभरापूर्वी काय म्हणत होते, ते पाहावे. बसल्या जागी ६८ असणारी नाडी काही आठवड्यांत ५० वर आली, तर मध्यंतरी काय बदलले याचा शोध घ्यावा: रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल सुरू झाले का, डोस वाढला का, थायरॉइड तपासून किती दिवस झाले. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा रक्तात उतरून ठोके मंदावू शकतात, आणि ते थेंब डॉक्टरला सांगायचे राहूनच जातात. मात्र आकडा पाहून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. या गोळ्या एकदम सोडणे धोक्याचे असते.

तेव्हा ज्यांच्या हातावर घड्याळ आहे त्यांना एवढीच विनंती. रात्रीच्या सूचनेने दचकू नका, सकाळी तीन बोटांनी नाडी मिनिटभर मोजा आणि अंगात काही वेगळे वाटते का ते पाहा. शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर घड्याळात ७२ दिसत असले तरी तडक रुग्णालय गाठा. आणि नुसती अंधारी आली, तर आधी खाली बसा, मग कडेवर बोट ठेवा. पट्टी निघायला तीस सेकंद लागतात.