दुखणे तिचे, बोलणे इतरांचे

तपासणीचा कागद हाती आला की आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठरलेला प्रवेश सुरू होतो. डॉक्टर म्हणतात, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा." बाई बाहेरच्या बाकावर बसते, आत यजमान, थोरले दीर व कर्ता मुलगा ह्यांस गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे सांगण्यात येते. ती मंडळी बाहेर येतात तेव्हा तिला काय सांगावयाचे हे आधीच ठरलेले असते : "विशेष काही नाही, थोडी सूज आहे, शेक घ्यावा लागेल." ह्या प्रकारास आमच्यात दया असे नाव आहे. आम्ही त्यास दयेचे पांघरूण घेतलेला अन्याय म्हणतो, आणि तो बंद व्हावा म्हणूनच हा लेख लिहीत आहो.

हा रोग विरळा नव्हे. २०२२ साली भारतात सुमारे १,२७,००० स्त्रियांस तो नव्याने झाला व सुमारे ८०,००० स्त्रिया त्यास बळी पडल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. परंतु त्याचे नाव म्हणजे मृत्यूचे आज्ञापत्र, हीही समजूत खरी नव्हे. वेळेवर सापडला तर तो बरा होतो. म्हणूनच त्याविषयी बोलणे अगत्याचे आहे.

कोणी म्हणतील, "खरे सांगितले तर ती खचून जाईल." ह्या आक्षेपास आमच्याच प्रांतातून उत्तर मिळालेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत १,३०,००० हून अधिक स्त्रियांची एक मोठी पाहणी झाली. तिचे फल २००९ साली प्रसिद्ध झाले. रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी ज्या गटात एकदाच झाली, त्यात ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कर्करोगाचा शोध घेण्यासाठी आलेल्या माणसांपुढे त्या खेडवळ बायका तपासणीस उभ्या राहिल्या. त्यांना ऐकवले ते आमच्या पदवीधर भगिनींस मात्र ऐकवत नाही, हे आम्ही कसे मानावे?

शिवाय लपविण्याने उपचारच बिघडतो. रोग आसपास पसरला असला म्हणजे बहुधा शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार करितात, व त्याबरोबर आठवड्यातून एकदा शिरेतून औषध देतात. बाहेरून द्यावयाचे किरण आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे चालतात. शिवाय आतून द्यावयाचे निराळेच. हे सर्व आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे असा दंडक आहे, कारण मध्ये खंड पडल्यास रोग हटण्याची आशा कमी होते. आता जिला नुसती सूज असल्याचे सांगितले आहे, तिने भाचीच्या लग्नासाठी चार दिवस शेक चुकविला, तर दोष कोणाचा?

आणि जे प्रश्न विचारावयाचे असतात ते तिच्याखेरीज कोण विचारणार? गाठ अगदी लहान असता, व मूल हवे असता, गर्भाशय राखून केवळ त्याचे मुख काढता येते की काय? किरणांनी अंडाशयांचे काम थांबेल आणि विटाळ अकाली बंद होईल, तर त्यावर उपाय काय? योनिमार्ग आखडतो, तो आखडू नये म्हणून काय करावे? लघवीची व शौचाची कोणती अडचण उरेल? यजमान हे प्रश्न संकोचाने विचारीत नाहीत, मुलास ते सुचत नाहीत, आणि डॉक्टर न विचारलेले सांगत नाहीत. मग उरलेले सारे आयुष्य त्या अनुत्तरित प्रश्नांसह काढावयाचे ते तिने एकटीने!

कायद्याचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. तपासणीपुरतीच संमती दिलेली एक स्त्री गुंगीत असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सज्ञान रोगी स्वतः संमती देण्यास समर्थ असता आणि जीव वाचविण्याची तातडी नसता, दुसऱ्याची संमती चालत नाही. जेथे जन्मदात्या आईची संमती पुरली नाही, तेथे दिराची व मुलाची काय कथा?

ह्या मौनाच्या तळाशी खरी गोष्ट आहे ती लाज. रोगाचे मूळ शरीरसंबंधातून येणाऱ्या एका विषाणूत आहे, हे अर्धवट कानी पडलेले असते, आणि तेवढ्यावरून वर्तनाविषयी कुजबूज सुरू होते. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांशी त्याची केव्हा ना केव्हा गाठ पडते. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींत वर्षानुवर्षे राहून रोग उत्पन्न करितो. तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे कोणासही सांगता येत नाही. हे एवढे वाक्य डॉक्टरांनी सर्वांदेखत उच्चारले, तर किती घरांतील विष उतरेल!

डॉक्टर मंडळी गर्दीचे कारण पुढे करितात. गर्दी खोटी नाही. पण जे शब्द यजमानांस सांगण्यास वेळ मिळतो, तेच शब्द शेजारच्या खुर्चीवर तिला बसवून, तिच्याकडे पाहून, मराठीत सांगण्यास अधिक वेळ लागतो काय?

आमचे सांगणे इतकेच : तिला आत बसवा. तिने आपले प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत. रोग कोणत्या टप्प्यावर आहे, उपचार रोग घालविण्यासाठी की केवळ त्रास हलका करण्यासाठी, दुसरा मार्ग आहे काय, पुढे शरीरावर परिणाम कोणते, खर्च किती, हे तिनेच विचारावे; न समजल्यास पुन्हा विचारावे; यजमानांस काही वेळ बाहेर बसण्यास सांगावेसे वाटले तर तसेही सांगावे. सर्वच तपशील ऐकावयाचा नसेल, तर तेही तिनेच ठरवावे.

आपल्या भगिनी पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, अशा आशयाचे कारण देऊन आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८३ साली अमेरिकेतील वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मागितला. आज स्त्री डॉक्टरांस तोटा नाही. पण रोगीण आणि डॉक्टर समोरासमोर आल्या असता त्यांच्या मध्ये आम्हीच उभे राहिलो, तर आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या त्याचे आम्ही काय केले?